गेटाला आतलं, गोठ्याला सावडीचं

कॅमेरे विकणाऱ्याकडं किस्से कसे साठतात ते सांगतो. किराणा दुकानात माणूस पिशवी घेऊन येतो आणि पिशवी भरून जातो. माझ्याकडं माणूस येतो तो घरातली गोष्ट घेऊनच. "शेठ, कॅमेरा पाहिजे" म्हणाला, की मी एवढंच विचारतो, "नजर कोणावर ठेवायचीय?" झालं! भाऊबंद, भाडेकरू, शेजाऱ्याचं कुत्रं, बांधावरचा फणस, सगळं टेबलावर येतं. कॅमेरा तो घेऊन जातो, गोष्ट माझ्याकडं राहते. ड्रॉवरमध्ये वायरीचे तुकडे साठतात ना, तशी. फेकवत नाहीत, आणि एक ओढला की चार निघतात.

माझं दुकान घोटावड्याच्या रस्त्याला आहे. आधी मी विहिरीच्या मोटरचे स्टार्टर आणि केबल विकायचो. मग या बाजूला बंगले आले, बंगल्यांच्या मागून कॅमेरे आले, आणि आता 'स्मार्ट होम' आलंय. म्हणजे दिवे, दाराची बेल, पाण्याची मोटर, कॅमेरे, सगळं एका छोट्या डब्याला जोडायचं आणि एकाच पडद्यावर बघायचं. हे मला कुठल्या कॉलेजात कोणी शिकवलं नाही. व्हिडिओ बघत, वायरी जाळत, फोनवर इंग्रजीचं मराठी करत शिकलो. पण अजूनही नव्या कॅमेऱ्याचं चित्र पहिल्यांदा पडद्यावर उमटलं, की मला नव्या बोअरला पाणी लागल्यासारखा आनंद होतो.

यात एक गोम आहे. तेवढी समजून घ्या, म्हणजे पुढं अडायचं नाही. कॅमेरा त्या डब्याला जोडायचे रस्ते दोन. पहिला, डब्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून दिलेली जोडणी. बनवणाऱ्यांनी तपासलेली, त्यांच्या जबाबदारीची. तिला आम्ही 'आतलं' म्हणतो. दुसरा, जगात कुठंतरी बसलेल्या एखाद्या हौशी माणसानं आपल्या कॅमेऱ्यासाठी लिहिलेली आणि सगळ्यांना फुकट वाटलेली जोडणी. ती बाहेरून आणून बसवावी लागते. आतल्यात करामती कमी, पण ते सहसा दगा देत नाही. बाहेरच्यात कॅमेरा मान वळवतो, बोलतो, माणसं ओळखतो. पण एखादं अपडेट आलं आणि बंद पडलं, तर त्या हौशी माणसाला सवड मिळेपर्यंत आपण वाट बघायची.

माझा भागीदार रियाजभाई पौडचा. शिडीवर तो चढतो, गिऱ्हाइकाशी मी बोलतो. तो पक्का आतल्याचा आणि मी बाहेरच्याचा. सकाळचा चहा या भांडणाशिवाय उतरत नाही आमच्या दोघांच्या घशाखाली.

*

एके दिवशी तात्या दुकानात आले. घोटावड्याचे. भाताची खाचरं, कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिलेल्या खोल्या, आणि गोठ्यात काजळी नावाची एक म्हैस. म्हैस म्हणायची तात्यांची, पण ती मानते फक्त काकूंना, म्हणजे तात्यांच्या बायकोला. तात्या जवळ गेले तर लाथ ठरलेली.

काकूंचे गुडघे पार गेले होते. घरातल्या घरात भिंत धरून चालायच्या. त्यांची मुलगी सुनीता बावधनला राहते. तिनं ऑपरेशनची तारीख घेतली, काकूंनी मोडली. पुन्हा घेतली, पुन्हा मोडली. कारण एकच, काजळी गाभण. मागच्या वेताला तिनं गुरांच्या डॉक्टरलासुद्धा अंगाला हात लावू दिला नव्हता. काकू तिच्या तोंडाशी बसून बोलत राहिल्या, तेव्हा कुठं ती खाली बसली आणि सुटली.

तात्या मोजकं बोलणारा माणूस. स्टुलावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "शेठ, ही बी तारीख मोडली तर पोरगी पुन्यांदा तारीख काडायची न्हाई. आन् ही जलमभर भिंत धरून चालंल. मला बगवत न्हाई आता. बावधनवरनं म्हशीशी बोलायची काय सोय हाय का तुमच्याकडं?"

मी आणि रियाजभाईनं एकमेकांकडं बघितलं. इतकी झकास ऑर्डर या दुकानात आजवर आली नव्हती!

*

गोठ्यात एक जुना कॅमेरा आधीच होता. मान वळवणारा, त्यातून बोलताही यायचं. पण कंपनीनं त्या मॉडेलचं ॲपच बंद करून टाकलं होतं. डबा तात्यांच्या घरात बसवायचा आणि पडदा सुनीताकडं ठेवायचा, असं ठरलं. रियाजभाईनं आतली जोडणी लावली. चित्र लगेच आलं, स्वच्छ. आवाज मात्र जाईना. आतल्यात ती सोयच नव्हती. नवा कॅमेरा विकून बघावा, असं माझ्यातल्या दुकानदाराला वाटलं, पण आमच्याकडच्या नव्या मॉडेलांनाही आतल्यात चित्रच होतं, आवाज नव्हता.

मी शोधत बसलो आणि सापडलं. फिनलंड नावाच्या थंड देशात युक्का नावाचा एक माणूस. त्याच्याकडं हाच कॅमेरा. त्यानं ॲप बंद पडल्यावर स्वतः जोडणी लिहिली, चित्र आणि आवाज दोन्ही, आणि जगाला देऊन टाकली.

ओसरीवर बसून मी हे काकूंना समजावत होतो. काकू तांदूळ निवडत होत्या.

"त्याला काय मिळतं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही."

"मंग करतो कशाला?"

"त्याला स्वतःला लागत होतं म्हणून केलं. मग म्हणाला, दुसऱ्यालाही होऊ दे. दुसरा कोणीतरी त्याचा दिवा जोडून देतो, तिसरा बेल."

"आरं मंग सावड म्हन की सरळ."

आमच्या मुळशीत भातलावणीला सावड घालतात. आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. मजुरी कोणी कोणाला देत नाही. पण तुम्ही माझ्या चिखलात उतरलात, तर मला तुमच्या चिखलात उतरावंच लागतं. नाही गेलो, तर पुढच्या साली माझ्या बांधाला कोणी फिरकत नाही. जे समजून घ्यायला मी कितीतरी व्हिडिओ बघितले, ते काकूंनी तांदूळ निवडता निवडता एका शब्दात सांगितलं.

"मंग त्याच्याकडं आपल्यातनं कोन जानार?" काकूंनी विचारलं.

"काकू, तो लांब आहे. आणि त्याला शेत नाही. हे फुकटच असतं."

"सावड फुकट नसती, सुभाष," काकू म्हणाल्या आणि तांदूळ पाखडायला लागल्या.

मी हसलो. पण त्या दिवसापासून आमच्या दुकानात बाहेरच्या जोडणीला नाव पडलं, सावडीचं.

*

सावडीच्या जोडणीची नशा काय असते, ते बावधनच्या निखिलला विचारा. हिंजवडीत नोकरी, घरात प्रत्येक भिंतीला काहीतरी लुकलुकतंय. दाराच्या कॅमेऱ्याला त्यानं सावडीची अशी जोडणी बसवली, की तोंड बघून ती माणूस ओळखणार आणि स्पीकरवर मोठ्यानं नाव सांगणार. मी स्वतः गेलो होतो बघायला. "निखिल आला आहे." "दूधवाला आला आहे." निखिलनं माझाही फोटो त्यात भरला, तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी तीनदा बाहेर जाऊन परत आत आलो.

मग दसऱ्याला त्याच्या सासूबाई आल्या, नागपूरहून. हातात पिशव्या, अंगावर ठेवणीतली साडी. दारात उभ्या राहिल्या, आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात घर म्हणालं, "सावधान. अनोळखी व्यक्ती दारात आहे."

निखिल धावला. तोवर घरानं तेच पुन्हा एकदा सांगितलं.

सासूबाई शांतपणे आत आल्या, पिशव्या ठेवल्या, पाणी प्यायल्या. मग लेकीला म्हणाल्या, "या घरात मला कोण काय समजतं ते मला ठाऊक होतं. आज पहिल्यांदा कोणीतरी स्पष्ट बोललं."

दुसऱ्या दिवशी निखिलचा फोन. "शेठ, आतलं बसवून द्या. मला फक्त चित्र दिसू दे, ओळख आम्ही आमची ठेवतो."

*

हा किस्सा सांगितला की रियाजभाई खुर्चीत मागं रेलून बसायचा. "बघा. मी काय म्हणतो?" म्हणून त्याचाही एक सांगायलाच हवा.

पौडला त्याचं दुमजली घर आहे. खाली बैठक, वर स्वयंपाकघर. दाराला कॅमेरा आतल्या जोडणीचा, आणि वर स्वयंपाकघरात पडदा. ईदचा दिवस. सकाळी पाहुण्यांची रीघ लागली. वरून वहिनी पडद्यावर बघायच्या, दाराशी चपलांचा ढीग किती झालाय, त्या अंदाजानं शीरखुर्म्याच्या वाट्या भरून खाली पाठवायच्या. व्यवस्था इतकी फक्कड, की रियाजभाई येईल त्याला ती दाखवत होता.

आता आतलं झालं तरी सगळंच घरात चालतं असं नाही. या कॅमेऱ्याची आतली जोडणी आधी कंपनीच्या सर्व्हरकडं जायची आणि मग चित्र परत घरात यायचं. ऐन ईदच्या दिवशी तो सर्व्हर बसला. चित्र गेलं असतं तर कळलं तरी असतं. ते गेलं नाही, थिजलं. चपलांचा तोच ढीग, तसाच्या तसा.

खाली पाहुणे कधीच निघून गेले होते. वर वहिनी वाट्या भरत होत्या. रियाजभाई एकटा बैठकीत, आणि समोर वाट्यांची रांग वाढतेय. हाक मारावी तर वर मिक्सर चालू. शेवटी तो दोन वाट्या हातात घेऊन वर गेला.

वहिनींनी पडद्याकडं बघितलं, मग खिडकीतून खाली मोकळ्या दाराकडं. म्हणाल्या, "हा कॅमेरा काढा. पुढच्या ईदला मी दारात बसते, आणि शीरखुर्मा तुम्ही करा."

तेव्हापासून रियाजभाई जोडणी बसवण्याआधी एक प्रश्न जास्तीचा विचारतो. "हे घरातल्या घरात चालतं, का कोणाच्या दारात जाऊन येतं?" चांगला प्रश्न आहे. तुम्हीही विचारत जा.

*

मग निवडायचं कसं? लोक मला हेच विचारतात. मी सांगतो, सोयरीक जुळवताना काय करता, तेच करा.

मुलगा कसा आहे, हे मुलाच्या बापाला कोणी विचारत नाही. गावाच्या पारावर विचारतात, दुकानात विचारतात. सावडीच्या जोडणीचंही तसंच. तिच्या पानावर वर कौतुक असतं, ते सोडून द्या. खाली तक्रारी असतात, त्या वाचा. तक्रारी सगळ्यांच्याच असतात. बनवणारा उत्तर कसं देतो, ते बघा. चिडतो का? गायब होतो का? शेवटची डागडुजी कधी केली? त्याच्यासोबत आणखी कोणी आहे, की एकटाच रेटतोय?

युक्काचं पान मी रात्रीचं जेवण विसरून वाचलं होतं. प्रत्येक तक्रारीला उत्तर. एकानं शिव्या दिल्या होत्या, त्यालाही उत्तर, "तुमचा राउटर बंद करून चालू करून बघता का?" मी रियाजभाईला म्हटलं, "स्थळ चांगलं आहे."

"एकटा आहे," रियाजभाई म्हणाला. "एकट्या माणसाला ताप आला तर?"

हे मात्र त्याचं बरोबर होतं. म्हणून आम्ही गोठ्यात दोन्ही लावलं. चित्राला आतलं, आवाजाला सावडीचं. आणि तात्यांच्या गेटाला, जिथं चोर येणार आणि खेळ चालणार नाही, तिथं निव्वळ आतलं. आमच्या दुकानाचा तो कायदाच होऊन बसला. गेटाला आतलं, गोठ्याला सावडीचं.

*

ऑपरेशनच्या आधी कॅमेऱ्याची चाचणी घ्यायची ठरली. काकूंना सुनीताकडं नेलं. मी त्यांच्यासोबत, रियाजभाई इकडं गोठ्यात. दुपारची वेळ. काजळी गव्हाणीपाशी उभी, पलीकडच्या बाजेवर तात्या घोरत पडलेले. पडद्यावर सगळं दिसत होतं.

"बोला काकू," मी म्हटलं.

काकूंनी पदर सारखा केला, जणू दारात पाहुणे आलेत. मग नेहमीच्या सुरात ओरडल्या, "ऊठ गं बाई, ऊठ. किती लोळशील?"

काजळीनं कान हलवला, बाकी काही नाही. ती उभीच होती, उठणार काय! बाजेवरचे तात्या मात्र ताडकन उठले, टोपी घातली, पाण्याची बादली उचलली आणि गोठ्याच्या बाहेर निघाले.

काकू पडद्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "चालतंय की."

आणि ऑपरेशनला तयार झाल्या.

*

ऑपरेशन चांगलं झालं. काकू सुनीताकडं, पलंगावर, समोर पडदा. रोज सकाळी व्यायाम शिकवणाऱ्या बाई यायच्या. पाय वाकवायचा म्हणजे ब्रह्मांड आठवायचं. काकूंनी युक्ती काढली होती. पडद्यावर काजळीशी बोलत बोलत पाय वाकवायचा. ओरडायचं तर म्हशीवर ओरडायचं. त्या बाई म्हणायच्या, "इतकी छान प्रगती मी कोणाची बघितली नाही."

आणि मग डब्याचं एक मोठं अपडेट आलं. चित्र राहिलं. आवाज गेला.

सुनीताचा फोन. "सुभाषदादा, आई पाय वाकवत नाहीये. म्हणते, मुक्या म्हशीकडं बघून काय करू? आधी आवाज जोडा, मग पाय वाकवते. नाहीतर मला घोटावड्याला सोडा, तसाच ताठ पाय घेऊन जाते. बाई म्हणाल्या, असाच आठवडा गेला तर गुडघा आखडेल, ऑपरेशनचा काही उपयोग नाही."

तात्या दुकानात येऊन बसले. टोपी गुडघ्यावर.

रियाजभाई "बघा, मी काय म्हणत होतो" असं म्हणू शकला असता. त्यानं नुसती खुर्ची माझ्याकडं सरकवली. "लिहा त्याला."

*

मी युक्काला लिहिलं. मराठीत लिहिलं, फोननं त्याचं इंग्रजी केलं. काकू, गुडघा, काजळी, सगळं लिहिलं. त्याचं उत्तर त्याच दिवशी आलं. त्याला वाईट वाटत होतं. कुठं मोडलंय ते त्याला साधारण समजत होतं. पण त्याचा स्वतःचा तो कॅमेरा बिघडून गेला होता, दुसरा बाजारात मिळत नव्हता. "समोर कॅमेरा नसेल तर दुरुस्ती खरी आहे की खोटी, हे मला कसं कळणार? कोणी आपला कॅमेरा मला थोडे दिवस उघडून देईल का?"

रियाजभाईनं कानाला हात लावले. "शेठ, आपण लोकांना काय सांगतो? पासवर्ड सख्ख्या भावाला देऊ नका. आणि आपणच गिऱ्हाइकाचा कॅमेरा परमुलखातल्या माणसाला द्यायचा?"

म्हणणं रास्त होतं. मी त्यावर विचार केला. युक्कासाठी वेगळं खातं काढायचं, त्याला फक्त गोठ्याचा कॅमेरा उघडा, बाकी घर, गेट, खोल्या, सगळ्याला कुलूप, आणि काम झालं की खातं बंद. पण मालकाला विचारल्याशिवाय नाही. तात्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "तिला इचारा."

काकूंना फोन लावला. सगळं सांगितलं. परका माणूस आहे, रात्रंदिवस गोठा त्याला दिसेल.

काकू म्हणाल्या, "गोठाच हाय न्हवं? न्हाणीघर तर न्हाई. बगू दे की. नांगर बगितल्याबिगर सुतार फाळ कसा बसवंल?"

रियाजभाईनं खातं स्वतः काढलं. पासवर्ड टाकताना मला पाठ वळवायला लावली.

*

दोन दिवसांनी तात्या शेण भरत होते. अचानक मागून घोगऱ्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "हॅलो, काजली."

तात्यांच्या हातातली पाटी खाली. मागं वळून बघतात तर कोणी नाही. पुन्हा, "हॅलो, काजली."

तात्यांनी मला फोन केला. "शेठ, तुमचा तो मानूस आलाय गोठ्यात."

"तात्या, तो आवाज तपासतोय. चांगली बातमी आहे!"

"ते ठीक हाय," तात्या जरा दुखावल्यासारखे म्हणाले. "पर त्यानं हाक मारली तर ही वळून बगती. मी मारली तर लाथ."

आवाज अर्धाच जोडला गेला होता. दोन शब्द जायचे, तिसरा तुटायचा. युक्का म्हणाला, एक दिवस द्या. तोवर काकूंना सांगितलं, अजून नाही. काकूंनी पाय वाकवला नाही.

*

आणि मग ती सकाळ. मी, रियाजभाई आणि तात्या, तिघंही दुकानात. चहा आलेला. माझ्या फोनवर युक्काचा निरोप. मला वाटलं, झालं काम! मी तिथंच मोठ्यानं वाचायला लागलो.

"आवाज आता नीट जातो आहे. पण तुमची म्हैस सारखी उठते आणि बसते. शेपूट वर धरते आहे. माझ्या आजीच्या गाई असंच करायच्या. घरी कोणी दिसत नाही. कृपा करून कोणीतरी जा."

चहा तसाच राहिला. रियाजभाईनं गाडी काढली, दुकान उघडंच. मी वाटेतच डॉक्टरला फोन केला आणि सुनीताला सांगितलं, "काकूंना पडद्यापुढं बसव."

आम्ही गोठ्यात शिरलो तेव्हा काजळी खाली बसलेली होती. शांत. आणि कॅमेऱ्यातून एक घोगरा आवाज हळूहळू काहीतरी बोलत होता. कुठली भाषा, काय शब्द, काही कळत नव्हतं. पण तो सूर ओळखीचा होता. आमच्याकडं बाया जनावराशी बोलतात तोच.

तात्या दारातच थांबले.

तेवढ्यात त्याच कॅमेऱ्यातून काकूंचा आवाज आला, "कोन रं तू? माज्या म्हशीशी कोन बोलतंय?"

घोगरा आवाज एकदम बंद झाला. मग एक अवघडलेलं "हॅलो."

"बरं बरं," काकू म्हणाल्या. "सर आता बाजूला. मी आले." आणि काजळीशी बोलायला लागल्या.

डॉक्टर आला तेव्हा काकू बोलतच होत्या. त्याला काजळीनं जवळ येऊ दिलं. पाय अडला होता रेडकाचा, तो त्यानं सरळ केला. काळीकुळकुळीत पारडी! डॉक्टर म्हणाला, थोडा उशीर झाला असता तर दोघी गेल्या असत्या. रियाजभाईनं खिशातला रुमाल काढला आणि पारडीचं तोंड पुसलं, मग त्याच रुमालानं स्वतःचं.

तिकडं बावधनला व्यायामाच्या बाई सुनीताला कोपरानं ढोसत होत्या. पडद्याकडं वाकून बसलेल्या काकूंचा गुडघा पार काटकोनात गेला होता, आणि काकूंना पत्ता नव्हता.

*

काकू स्वतःच्या पायानं घोटावड्याला परत आल्या, तेव्हा आम्हाला जेवायला बोलावलं. भिंत सोडून चालत होत्या. बांधून ठेवलेल्या पारडीला कुरवाळून आल्या आणि मग माझ्यासमोर बसल्या.

"सुभाष, त्याला लिही."

"आभार कळवलेत काकू. खातंपण बंद केलंय."

"आभार न्हाई. इचार, त्याची लावनी कवा असती. आपल्यातनं एक मानूस जायला पायजे."

"काकू, मी म्हटलं ना, त्याला शेत नाही."

"शेत नसंल, काम तर असंल. लिही म्हनते ना."

तात्या भात कालवत होते. रियाजभाईनं मला डोळ्यानं खुणावलं, लिहून टाका. मी लिहिलं, जसंच्या तसं.

हात धुवेपर्यंत उत्तर आलं. मी वाचून दाखवलं. "शेत नाही. पण जानेवारीत आमच्या दारासमोर माणसाएवढा बर्फ पडतो. तो उपसायला माझ्यासोबत कोणी नसतं."

काकूंनी मान डोलवली. पदराला हात पुसले. मग तात्यांकडं वळून म्हणाल्या,

"अवो, तुमचा स्वेटर कुटं ठिवलाय?"